आगमनकाळ: पापांची उजळणी की येणाऱ्याची वाट?

बावखलकाठ (चर्चेची सुरुवात):
३० नोव्हेंबरला आगमनकाळ, म्हणजे नाताळाआधीचे चार आठवडे, सुरू झाला आणि त्याच आठवड्यात आमच्या वसईत येशूजन्माच्या देखाव्याचे गोठे, कॅरोलचा सराव आणि केकची मागणी यांची धांदलही सुरू झाली. मला त्या आनंदाचे वावडे नाही. परंतु या चार आठवड्यांतून स्वतःच्या पापाचा विचार जवळजवळ हद्दपार झाला आहे, असे माझे मत आहे. वेदीवर पश्चात्तापाचा जांभळा रंग असतो, दुसऱ्या रविवारी येशूच्या येण्याची वर्दी देणारा बाप्तिस्ता योहान ‘पश्चात्तापास योग्य असे फळ द्या’ म्हणून बजावतो, आणि आपण ते ऐकून दिव्यांच्या माळा आणायला बाजारात जातो.

नाताळाआधी प्रायश्चित्त संस्कारासाठी, म्हणजे धर्मगुरूंजवळ पाप सांगून क्षमा घेण्यासाठी, रांग लागते हे खरे. वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करावे, हा नियम १२१५ साली रोममध्ये भरलेल्या चर्चच्या चौथ्या लॅटरन परिषदेपासून चालत आला आहे आणि मीही तो तीस वर्षे पाळला आहे. पण माझी यादी बदलत नाही: राग आला, खोटे बोललो, रविवारची मिस्सा चुकली. वडील गेल्यानंतर आम्ही भावांनी बहिणीकडून वाडीचे हक्कसोडपत्र करून घेतले, ते मात्र या यादीत एकदाही आले नाही. आपल्याला लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याने तिचा वाटा आमच्याइतकाच होता. तिने दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सही केली, आम्ही तिला साडी घेतली आणि सगळे एकत्र जेवलो. कागद चोख होते, म्हणून ते पाप आहे असे मला वाटलेच नाही. ज्याला तारण, म्हणजे पापातून सुटका, हवे आहे त्याने आधी आपण कशातून तारले जाणार हे ओळखले पाहिजे, आणि आगमनकाळाचे मुख्य काम तेच आहे, असे मला वाटते.

उत्तनकर:
आपल्या प्रांजळपणाविषयी आदर राखून असहमती नोंदवतो. आपण आगमनकाळाला उपवासकाळाचे, म्हणजे ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांचे, कपडे घालत आहात. दोन्ही काळांत जांभळा रंग असतो आणि दोन्हींत रविवारचे गौरवगीत वगळले जाते, परंतु उपवासकाळात ‘आलेलुया’ हा स्तुतीचा घोष थांबतो, आगमनकाळात तो थांबत नाही. तिसऱ्या रविवारी तर आनंदाची गुलाबी वस्त्रे चालतात. १९६९ मध्ये उपासना वर्षाचे जे नियम झाले, त्यांत या काळाला भक्तिपूर्ण आणि आनंदी प्रतीक्षेचा काळ म्हटले आहे. पापावर रडण्यासाठी चर्चने चाळीस दिवस वेगळे काढून ठेवले आहेत. मरिया ज्या नऊ महिन्यांत बाळाची वाट पाहत होती, त्यांत तिने देवाची स्तुती केली.

बावखलकाठ:
स्तुती केली, हे मान्य. पण त्याच स्तुतीत सत्ताधीश आसनांवरून खाली ओढले जातात आणि धनवान रिकाम्या हाती परत पाठवले जातात; आम्ही भाऊ त्या दोन ओळींत कुठे बसतो, हे मला कळते. शिवाय जुन्या गॉल प्रदेशात, म्हणजे आजच्या फ्रान्सकडे, संत मार्टिनच्या सणापासून, म्हणजे ११ नोव्हेंबरपासून, नाताळापर्यंत उपवास करण्याची प्रथा होती. तेव्हा हे कपडे मी घातलेले नाहीत, ते जुन्या पेटीतलेच आहेत.

नगरवासी:
मी प्रोटेस्टंट घरातला असल्यामुळे पापनिवेदनाच्या रांगेविषयी बोलण्याचा अधिकार मला नाही, पण आपल्या युक्तिवादाच्या पायाविषयी बोलतो. ‘आधी पाप ओळखा, मग तारण’ हा क्रमच मला उलटा वाटतो. लूकच्या शुभवर्तमानातील जक्कय आठवा. तो जकातदारांचा मुखिया होता, लोकांना नागवून श्रीमंत झाला होता आणि उंबराच्या झाडावर चढून बसला होता. येशूने त्याला खाली बोलावले तेव्हा हिशेब मागितला नाही. ‘आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे’ एवढेच सांगितले. परतफेडीची भाषा जक्कयाने त्यानंतर केली. जो यायचा तो आधी येतो, आणि त्याच्या उजेडात घरातला केर दिसतो. आगमन या शब्दाचा अर्थ मी असा लावतो.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. पुढे स्वतःची साक्ष लिहिताना त्यांनी कबूल केले की अनेक वर्षे त्यांना ख्रिस्ताचा धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. आत्मपरीक्षणात त्यांच्यासारखी कठोर व्यक्ती महाराष्ट्राने क्वचितच पाहिली असेल. तरीही केवळ त्या कठोरपणाने त्यांना समाधान मिळाले नाही. स्वतःच्या पापाकडे एकटक पाहत राहणे हीसुद्धा स्वतःकडेच पाहण्याची एक तऱ्हा आहे. आणि हा केवळ आमचा हट्ट आहे असेही नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे लुथरन (प्रोटेस्टंट) आणि कॅथलिक प्रतिनिधींनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, तीत आपल्या कोणत्याही पुण्याईमुळे नव्हे, तर केवळ कृपेने देव आपला स्वीकार करतो, हे दोघांनी मान्य केले आहे.

बावखलकाठ:
जक्कयाचा दाखला माझ्या विरोधात आहे हे मी मान्य करतो, पण तो अर्धाच आहे. ‘आज या घराला तारण प्राप्त झाले आहे’ हे वाक्य येशू केव्हा उच्चारतो? अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला फसवले त्याला चौपट परत करतो, असे जक्कय उभा राहून सांगतो, त्यानंतर. घरात पाहुणा आला होताच, पण तारणाचे नाव हिशेबानंतर निघाले. कृपा आधी येते, यावर आपले दुमत नाही. कृपा आल्यावर तिजोरी बंदच राहिली, तर ती कृपा आपण घेतली की नुसती दारात उभी केली, एवढाच माझा प्रश्न आहे.

नगरवासी:
आणि चौपट देण्याइतके पैसे ज्याच्याजवळ नाहीत, त्याचे काय? येशूशेजारच्या वधस्तंभावरच्या चोराने काहीही परत केले नाही, तरी येशूने त्याला स्वर्गाचे वचन दिले. आपण तारणाला परतफेडीची पावती जोडत आहात, आणि तिथे मी आपल्याबरोबर येऊ शकत नाही.

एक सही करणारी:
मी आपली बहीण नव्हे, परंतु असेच एक हक्कसोडपत्र मीही केले आहे. इतका वेळ ही चर्चा वाचत होते. आधी कृपा की आधी हिशेब, यावर दोन्ही बाजूंनी विद्वत्तेने लिहिले गेले, मात्र ज्या बाईचा वाटा गेला ती यात कुठेही बोललेली नाही. जक्कयाने ज्यांना नागवले, त्यांच्या घरी त्या संध्याकाळी काय चालले असेल, हे कोणी विचारत नाही.

सही करताना माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नाही. ‘माहेर हवे की जमीन’ असे कोणी तोंडाने म्हटलेही नाही. ते सर्वांना ठाऊक होते. आता दर नाताळात भावाकडून फराळाचा डबा येतो, मी तो घेते आणि रिकामा डबा कधी परत पाठवत नाही, त्यात काहीतरी घालूनच पाठवते. आपण म्हणता तसे आत्मपरीक्षण भावाने केले, धर्मगुरूंजवळ पापनिवेदन केले आणि त्याला क्षमा मिळाली, तर मला ते कळणारही नाही, कारण ते गुप्तच राहते. त्याला तारण मिळाले तर मला आनंदच आहे, पण मग माझी वाट पाहणे कोणत्या काळात मोडते?

उत्तनकर:
ताई, आपल्या प्रश्नापुढे माझा ‘आलेलुया’चा मुद्दा फार किरकोळ वाटतो. एक गोष्ट मात्र नोंदवतो: दुसऱ्याचे घेतले असेल तर शक्य असेल तेथे ते परत करणे, ही कॅथलिक शिकवणीतही संस्काराने टळणारी गोष्ट नाही. धर्मगुरू क्षमेचे मुक्तिवचन उच्चारतात, पण त्यामुळे घेतलेले आपले होत नाही. आम्ही हे धर्मशिक्षणात शिकलो आणि जमिनीचे भाव वाढल्यावर विसरलो.

बावखलकाठ:
वाडीचा अर्धा भाग विकला गेला आहे आणि त्या पैशांतून घर बांधले आहे. उरलेल्यावर मोठ्या भावाचेही नाव आहे आणि तो हा धागा वाचून माझ्याशी बोलेल की नाही, हे सांगता येत नाही. २१ डिसेंबरच्या रविवारी चर्चमध्ये येशूविषयी ‘तोच आपल्या लोकांना त्यांच्या पापांपासून तारील’ हे वचन वाचले जाईल. त्याआधी बहिणीकडे जाऊन यावे असे मनात आहे. नगरवासी यांचे म्हणणे बरोबर असेल, आणि मी पावती फाडायलाच निघालो असेन. तरीही जाणार आहे. तिला काय सांगावे, हे मात्र सुचलेले नाही.

एक सही करणारी:
बोलण्याचे नंतर पाहा. जाताना फराळाचा डबा नेऊ नका. सातबारा न्या, आणि घर बांधण्यात किती रक्कम गेली त्याचा कागद. ती कदाचित पाहणारही नाही, पण तो तिच्यासमोर ठेवा.

नगरवासी:
यावर मला आक्षेप नाही. फक्त तिने नको म्हटले, तर त्याला क्षमा समजून परत येऊ नका.