माश्यांसाठी धूर मारायची वर्गणी: माझा विरोध आहे

रामबागची लेक: आमच्या कॉलनीत (इंदूर, सुदामानगरच्या बाजूला) ठरलंय की पावसाळाभर आठवड्यातून दोनदा संध्याकाळी धूर मारायचा, घरटी २०० रुपये. विरोधात हात माझा एकटीचा होता.

अहो, दिवे लागायच्या वेळी माशी उडते कुठे? ऊन उतरलं की ती छताला, विजेच्या तारेला, कपड्यांच्या दोरीला जाऊन चिकटते. संध्याकाळचा धूर डासांसाठी असतो. बरं, हजार माश्या मेल्या असं धरू. मागच्या गोठ्याच्या उकिरड्यात एक मादी एका खेपेला शंभर-सव्वाशे अंडी घालते. दिवसाभरात अळ्या निघतात, आणि या दिवसांत आठ-दहा दिवसांत नव्या माश्या तयार. अळ्या ओल्या शेणात आत असतात, तिथवर धूर पोचतच नाही.

खानावळवाली मावशी: तुझं असेल खरं, पण माझ्याकडे दुपारी चाळीस ताटं लागतात. माशीला घट्ट अन्न खाता येत नाही. ती आधी त्यावर लाळ सोडते, मग चोखते. आत्ता शेणावर बसलेली घटकेत श्रीखंडावर. धूर मारला की माझ्याकडे दोन दिवस फरक पडतो, आणि ते दोन दिवस माझ्यासाठी मोठे आहेत. गोठेवाल्याशी बोलणी होईपर्यंत मी काय करू?

निवृत्त शेतीखातं: मावशी, तो फरक टिकणार नाही. डीडीटी कीटक मारतं हे पॉल म्युलर यांनी १९३९ मध्ये शोधलं, १९४८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. त्याआधीच युरोपात डीडीटीला दाद न देणाऱ्या घरमाश्या सापडल्या होत्या. हे विष मज्जातंतूच्या ज्या भागावर काम करतं, तोच भाग अशा काही माश्यांमध्ये बदललेला असतो. आज धुरात बरेचदा वापरतात ती पायरेथ्रॉइड गटातली औषधंही तिथेच मार करतात. दर वेळी तेच औषध मारलं की तगणाऱ्या तेवढ्या उरतात, आणि पुढची पिढी त्यांचीच.

पण ताई, औषधच नको हेही मला पटत नाही. माशीला चव पायांनी कळते. गोडावर पाय पडला की तिची सोंड आपोआप बाहेर येते. सारखे पाय चोळते ते पायांवरचे चव घेणारे केस साफ ठेवायला. म्हणून साखर घातलेलं विषारी आमिष तिच्यावर चांगलं चालतं. स्वयंपाकघरापासून आणि पोरांच्या हातापासून लांब, गोठ्याच्या कडेला ठेवा. अधूनमधून औषधाचा गट बदला, म्हणजे वेगळ्या रीतीने मारणारं औषध घ्या, नुसतं डब्यावरचं नाव नव्हे.

चार महिन्यांच्या मुलीचा बाबा: भिया लोकहो, गोठा आपल्या आधीपासून तिथे आहे. त्याच्या पोटावर पाय नको. आणि २०१७ पासून सलग सात वर्षं देशात स्वच्छतेत पहिलं आलेलं शहर आपलं, कचऱ्याची गाडी रोज दारात येते. तरी माश्या आहेत, म्हणजे निव्वळ सफाईने भागत नाही. मुलीच्या तोंडावर माशी बसते तेव्हा माझ्याच्याने थांबवत नाही. मी वर्गणी देणार.

रामबागची लेक: दादा, गाडी आपला डबा नेते, गोठ्याचं शेण नेत नाही. रविवारी मी तिथे जाऊन आले. ढिगाच्या कोरड्या कडेला माती उकरली तर गव्हाच्या दाण्याएवढे तपकिरी कोष ओंजळभर निघाले. अळी वाढली की कोरड्यात येऊन कोष करते. गोठेवाले काका भांडले नाहीत, चहा दिला. त्यांचं म्हणणं, उचलायला ट्रॉली परवडत नाही. मग धुराचे पैसे ट्रॉलीला द्या ना! आठवड्यातून दोनदा शेण उचललं तर अळीला माशी व्हायला वेळच मिळणार नाही. उरलेल्या ढिगावर काळं प्लास्टिक घट्ट ताणायचं, आतल्या उष्णतेने अळ्या मरतात. आणि मुलीच्या खाटेवर जाळी लावा, ती आजच.

खानावळवाली मावशी: ट्रॉलीला माझे २०० आणि वर १०० घे. पण पहिले पंधरा दिवस धूरही चालू ठेवा, सकाळी, ताटं मांडायच्या आधी. ट्रॉली खरंच येते हे दिसलं की मग बंद करू.

रामबागची लेक: अन्नाच्या जागी धूर मला अजूनही मान्य नाही, मावशी. तुमच्या दोन्ही दारांना जाळी मी स्वतः बसवून देते. शनिवारी माप घ्यायला येऊ?