मदत हवी आहे: २ च्या घातांचा क्रम पन्नासाव्या घाताला तुटतो

आर्वी_शिक्षक: आमच्या आठवीतील विद्यार्थिनीने २ च्या प्रत्येक घातातील अंकांची बेरीज एकअंकी होईपर्यंत केली, तेव्हा १, २, ४, ८, ७, ५ हा फिरता क्रम मिळाला. मात्र पन्नासाव्या घाताला ४ ऐवजी ९ येतो. सोमवारी तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात तक्ता मांडायचा आहे. हा नियम पुढे चालत नाही का? कृपया त्वरित सांगावे.

कपाशी: सर, पन्नासावा घात किती आला आणि तो कशावर काढला, हे लिहिल्याशिवाय काय सांगणार?

संख्यावेडा: तिने ५१२ आणि ४९१३ घ्यावेत. ५+१+२ म्हणजे ८ आणि ८ चा घन ५१२. ४+९+१+३ म्हणजे १७ आणि १७ चा घन ४९१३. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांच्या हर्षद संख्याही, म्हणजे ज्यांना स्वतःच्याच अंकांच्या बेरजेने भाग जातो त्या संख्या, तक्त्यावर शोभतील.

कपाशी: विषय सुंदर आहे, पण सरांची अडचण वेगळी आहे.

आर्वी_शिक्षक: शाळेच्या संगणकावरील स्प्रेडशीटने ११२५८९९९०६८४२६२० दाखवले. तिने ते वहीत उतरवून बेरीज केली, ती ७२ आली.

वर्धाकाठ: दोष तिथेच आहे. स्प्रेडशीट पंधराच अंक खरे दाखवते आणि सोळाव्या जागी शून्य ठेवते. एकोणपन्नासावा घात पंधरा अंकी असल्यामुळे तोवर सारे जुळले. खरी संख्या ४ ने संपते, बेरीज ७६ होते आणि ७६ वरून १३, १३ वरून ४. दहाला नवाने भागल्यास बाकी १ उरते, म्हणून कोणतीही संख्या आणि तिच्या अंकांची बेरीज यांना नवाने भागल्यावर सारखीच बाकी उरते. २ च्या घाताला तीननेही भाग जात नाही, तेव्हा तिथे ९ येणे अशक्यच होते. मुलीच्या नियमानेच यंत्राची चूक पकडली, हे तक्त्यावर ठळक लिहावे.

संगणक_मित्र: पायथन या संगणकाच्या भाषेत काढा, त्यात पूर्णांक कितीही मोठा असला तरी अंक गळत नाहीत.

कपाशी: प्रदर्शनात वीज गेली तर? ५६२९४९९५३४२१३१२ ची दुप्पट तिने परीक्षकांसमोर हाताने करावी.

संगणक_मित्र: शंभरावा घात हाताने करताना एखादा हातचा राहील.

वर्धाकाठ: राहिला, तर नियमच सांगेल. शंभराव्या घातातील अंकांची बेरीज ११५ आहे, म्हणजे शेवटी ७.

आर्वी_शिक्षक: हाताने दुप्पट केली, शेवटी ४ च आला. दोन्ही संख्या एकाखाली एक लिहून शेवटचा अंक लाल शाईने दाखवणार आहोत. सर्वांचे आभार.