मदत हवी आहे: सासऱ्यांचं जुनं ऑटोमॅटिक घड्याळ, हलवलं की आत ठक-ठक वाजतं

सासूबाईंनी परवा कपाट आवरताना सासऱ्यांचं मनगटी घड्याळ माझ्या हातात ठेवलं. "तुला असल्या गोष्टींची हौस आहे ना, तूच बघ आता याचं काय ते." हौस आहे, पण कळत काही नाही. म्हणून विचारतेय.

घड्याळ आजच्या मानाने लहानसं, ३४ मि.मी. तारीख नाही, सेकंद काटा खाली सहाच्या जागी छोट्या वर्तुळात वेगळा. तबकडीवर कंपनीचं नाव निम्मं पुसलंय. त्याखाली 'ऑटोमॅटिक', '१७ रुबी', 'इन्काब्लॉक', 'अँटिमॅग्नेटिक' एवढं वाचता येतं आणि अगदी तळाशी बारीक अक्षरात 'स्विस मेड'. काट्यांमध्ये हिरवट-पिवळा लेप भरलाय, पण अंधारात काहीच चमकत नाही. तबकडीवर चार आणि आठच्या दिशेला काट्यांच्या आकाराची तपकिरी सावली पडली आहे. पुसून पाहिली नाही, कारण ती काचेच्या आत आहे.

एका घड्याळजींना दाखवलं. त्यांचं म्हणणं असं: रोटर (आतलं फिरणारं वजन) अडकतो, पूर्ण फेरी मारतच नाही. मेन स्प्रिंग (चावीची ताकद साठवणारी मुख्य स्प्रिंग) घसरते, कारण कितीही चावी दिली तरी ती संपत नाही. तबकडी तर गेलीच. मशीन काढून टाकू, बॅटरीवरचं क्वार्ट्झ बसवू, तबकडी नवी रंगवून घेऊ. मी "विचार करून सांगते" म्हणून परत आणलं.

चालतं, पण दिवसाला वीस मिनिटं पुढे जातं. रात्री काढून ठेवलं की सकाळपर्यंत बंद. सासूबाई सांगतात की १९६२ साली नोकरी लागल्यावर सासऱ्यांनी ते नवीन घेतलं होतं. तर हे घड्याळ साधारण कधीचं? खरंच बिघडलंय का? आणि तबकडी रंगवू का?

प्रतिसाद १

ताई, आधी क्वार्ट्झला नाही म्हणा, बाकीचं नंतर बघू.

घड्याळजींनी झाकण उघडलं तेव्हा आत डोकावलात का? वजनाचा अर्धगोल तुकडा दोन्ही बाजूंना काहीतरी आपटून परत येतो का? आपटायच्या जागी बारीक स्प्रिंगा आहेत का? आणि झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने ओरखडल्यासारखी अक्षरं किंवा आकडे दिसले तर त्याचा फोटो काढून ठेवा, कामाला येईल.

धागाकर्ती

हो! दोन चिमुकल्या स्प्रिंगा आहेत. वजन त्यांच्यावर आदळून उसळतं, म्हणूनच ठक-ठक येतं. ओरखडे आहेत असं वाटतंय, पण भिंग नाही माझ्याकडे.

प्रतिसाद २

मग अभिनंदन. तुमचा रोटर अडकलेला नाही, तो तसाच बनवलेला आहे. याला बम्पर ऑटोमॅटिक म्हणतात. वजन पूर्ण गोल न फिरता ठराविक कमानीत झुलतं आणि टोकाला स्प्रिंगवर आपटून मागे फिरतं. मनगटावर बांधल्यावर ती हलकी थाप हाताला जाणवते. ज्याला सवय नाही त्याला वाटतं आत काहीतरी सुटलंय.

हे असं का, तर थोडं मागे जावं लागतं. आपोआप चावी बसणारी खिशातली घड्याळं अठराव्या शतकातच बनली होती, पण खिशात घड्याळ फारसं हलत नाही, त्यामुळे ती कल्पना रुळली नाही. पहिल्या महायुद्धात सैनिकांनी घड्याळ मनगटावर आणलं आणि मग सगळंच बदललं, कारण मनगट दिवसभर हलतं. जॉन हारवुड या इंग्रज घड्याळजीला १९२४ मध्ये ऑटोमॅटिक मनगटी घड्याळाचं स्विस पेटंट मिळालं. त्यातलं वजन तुमच्यासारखंच आपटणारं होतं. गंमत म्हणजे त्या घड्याळाला चावीच नव्हती! चावीच्या भोकातून धूळ आणि ओल आत जाते, म्हणून त्याने ती काढूनच टाकली. काटे लावायला काचेभोवतीची कडी फिरवायची. १९२६ पासून ती घड्याळं बाजारात आली आणि जागतिक मंदीत कंपनी बुडाली.

पूर्ण गोल फिरणारा रोटर रोलेक्सने १९३१ मध्ये आणला आणि त्याची पेटंटंही घेतली. त्यामुळे इतर बऱ्याच कंपन्या चाळीसच्या दशकाच्या अखेरीपर्यंत बम्परवरच राहिल्या. ओमेगाचं पहिलं ऑटोमॅटिक मशीन १९४३ चं, तेही बम्पर. १९४८ मध्ये एटेर्नाने रोटर पाच बारीक छऱ्यांच्या बेअरिंगवर बसवला (त्यांच्या चिन्हातले पाच ठिपके तेच). त्यानंतर पूर्ण रोटरची चलती झाली आणि पन्नासच्या दशकाच्या मध्यापर्यंत बम्पर जवळपास संपले.

आता 'चावी संपत नाही' याबद्दल. नुसत्या हाताने चावी द्यायच्या घड्याळात मेन स्प्रिंगचं बाहेरचं टोक डब्याच्या भिंतीला पक्कं अडकवलेलं असतं, म्हणून शेवटी चावी अडते. ऑटोमॅटिकमध्ये तसं केलं तर हात हलत राहिल्यावर स्प्रिंग तुटेल. म्हणून बाहेरचं टोक मुद्दाम घसरू देतात. तुमची स्प्रिंग घसरते ती घसरण्यासाठीच आहे. म्हणजे दोन 'बिघाड' तर इथेच गळाले.

काळाबद्दल: इन्काब्लॉक हा धक्क्यापासून वाचवणारा भाग १९३४ पासूनचा. बॅलन्स व्हीलच्या (मागेपुढे झुलून वेळ पाळणाऱ्या चाकाच्या) टोकावरचा खडा वीणेच्या आकाराच्या चिमुकल्या स्प्रिंगने धरलेला दिसेल. बम्पर आणि इन्काब्लॉक दोन्ही आहेत, तर मी १९४५ ते १९५५ म्हणेन. १९६२ ला नवीन? मला शंका आहे.

प्रतिसाद ३

वरच्यांशी सहमत. पण तपकिरी सावलीबद्दल कोणीच बोललं नाही, आणि खरं महत्त्वाचं तेच आहे.

तो लेप बहुधा रेडियमचा आहे. त्या काळात रेडियम झिंक सल्फाइडमध्ये कालवून काट्यांत भरत. रेडियमच्या माऱ्याने झिंक सल्फाइड काही दशकांतच निकामी होतं, म्हणून चमक जाते. रेडियम मात्र आहे तिथेच असतं, कारण त्याचं अर्धायुष्य सुमारे १६०० वर्षं आहे. चमकत नाही म्हणून निरुपद्रवी, असं धरून चालू नका. साठच्या दशकात रेडियमची जागा ट्रिटियमने घेतली. तेव्हापासून तबकडीच्या तळाशी 'स्विस'च्या दोन्ही बाजूंना 'टी' हे अक्षर यायला लागलं. तुमच्यावर ते नाही, म्हणजे घड्याळ त्याच्या आधीचं असायला जागा आहे.

आणि ती सावली: घड्याळ कित्येक वर्षं एकाच वेळेवर थांबून पडलं की काट्यांखालचा भाग किरणांनी काळवंडतो. तास काटा चारच्या पुढे आणि मिनिट काटा आठवर, म्हणजे चार वाजून चाळीस मिनिटांनी ते कपाटात थांबलं असावं.

घाबरायचं नाही. काच आणि झाकण बंद असेल तर अधूनमधून हातावर घालायला हरकत नाही. धोका आहे तो लेपाची भुकटी नाकातोंडात जाण्यात. अमेरिकेत तबकड्या रंगवणाऱ्या मुली ब्रशचं टोक ओठांनी सारखं करत, त्यातल्या कित्येकींचे जबडे गेले, काही दगावल्या. १९२८ मध्ये न्यू जर्सीतल्या पाच जणींच्या खटल्यात कंपनीला भरपाई द्यावी लागली. म्हणून स्वतः उघडून लेप खरवडू नका, काच बदलायचा घरगुती प्रयोग करू नका, आणि घड्याळजींना आधीच सांगा. उशाशी ठेवून झोपायचीही गरज नाही.

प्रतिसाद ४

तबकडी रंगवायला काय हरकत आहे? घालायचंच आहे ना, कुठे संग्रहालयात ठेवायचंय? मी माझं रंगवून घेतलं, झकास दिसतं.

प्रतिसाद २

दिसतं झकास, पण आधीच्या अक्षरांची बारीक नक्षी परत येत नाही. रंगवलेल्या तबकडीत अक्षरं जाड होतात, मिनिटांच्या रेघा खुणांशी जुळत नाहीत, कधीकधी तळाचं 'स्विस मेड' गायबच होतं. आणि इथे तर रंगवायच्या आधी जुना थर खरवडावा लागणार. प्रतिसाद ३ पुन्हा वाचा. नाव निम्मं पुसलंय तर निम्मं राहू दे. कंपनी शोधायची असेल तर बॅलन्स व्हीलच्या खाली मशीनवर छोटं चिन्ह आणि क्रमांक असतो. तबकडीवर नाव एकाचं आणि मशीन दुसऱ्याच कारखान्याचं, असं सर्रास असे. ए. शिल्ड, फेल्सा, एटा असल्या कारखान्यांची मशीनं घेऊन कितीतरी कंपन्या आपलं नाव छापत.

प्रतिसाद ५

वीस मिनिटं पुढे जाणं हा मात्र खरा बिघाड आहे आणि कदाचित सगळ्यात सोपा. घड्याळ चुंबकित झालं असेल. हेअरस्प्रिंगचे (बॅलन्स व्हीलला झुलवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचे) वेढे एकमेकांना चिकटले की तिची कामाची लांबी कमी होते, बॅलन्स भराभर हलतो आणि घड्याळ पळत सुटतं. सुईवालं होकायंत्र घ्या (मोबाइलमधलं नको), घड्याळ शेजारी आणा. सुई थरथरली किंवा वळली तर चुंबकाचा संशय पक्का. घड्याळजींकडे ते उतरवायचं यंत्र असतं, काम काही सेकंदांचं.

धागाकर्ती

पण तबकडीवर तर 'अँटिमॅग्नेटिक' लिहिलंय ना!

प्रतिसाद ५

लिहिलंय, पण तेव्हाच्या हिशोबाने. जुन्या पोलादी हेअरस्प्रिंगऐवजी चुंबकाला कमी दाद देणारा मिश्रधातू वापरला, एवढाच त्याचा अर्थ. तेव्हा पर्सची चुंबकी कळ नव्हती की मोबाइलचा स्पीकर नव्हता. तसंच १७ रुबी म्हणजे १७ मौल्यवान माणकं नव्हेत. कृत्रिम माणकाचे ते बेअरिंग असतात, झीज कमी व्हावी म्हणून. (हे आमच्या घरी पटवायला मला दोन वर्षं लागली.)

चुंबक नसेल तर हेअरस्प्रिंगला तेल लागलं असेल, ते सर्व्हिसिंगमध्ये निघतं. रात्री बंद पडण्याचं कारण बहुधा वाळलेलं तेल किंवा थकलेली मेन स्प्रिंग. नीट असलेलं बम्पर पूर्ण भरल्यावर दीड दिवस तरी चालायला हवं.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. पंधरा दिवसांनी लिहितेय.

होकायंत्राची सुई चांगलीच वळली. दुसऱ्या एका वयस्कर घड्याळजींकडे गेले. रेडियमचं सांगितलं तर म्हणाले, "माहीत आहे, म्हणूनच तबकडी काढून वेगळ्या बंद डबीत ठेवतो." रोटरची ठक-ठक ऐकून त्यांना आनंदच झाला. चुंबक उतरवलं, सगळं खोलून धुतलं, तेल दिलं, मेन स्प्रिंग बदलली. आता दिवसाला साधारण चाळीस सेकंद पुढे जातं आणि रात्रभर चालू राहतं. तबकडीला कोणी हात लावला नाही.

आणि प्रतिसाद १ वाल्या दादांचे खास आभार. त्यांनी सुचवलं म्हणून या घड्याळजींनी भिंगाखाली झाकण दाखवलं. दुरुस्ती करणारे आत खूण आणि तारीख ओरखडून ठेवत, तशा तीन खुणा निघाल्या. सगळ्यात जुनी '३-५८'. म्हणजे मार्च १९५८ मध्येच याची एक दुरुस्ती झालेली होती. सासूबाईंना सांगितलं तर थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "मला नवीन म्हणून सांगितलं होतं!"

एक शेवटचं. पट्ट्याची जागा मोजली तर १७ मि.मी. भरते. दुकानात १६ आणि १८ चेच पट्टे आहेत. कुठला घेऊ?

प्रतिसाद १

१८ चा मऊ चामड्याचा. कडा थोड्या दाबल्या की बसतो. १६ चा घेतलात तर दोन्ही बाजूंना फट राहते आणि पट्टा पिनवर सरकत राहतो.