पेइंग गेस्ट ठेवतेय, हीटरच्या बिलाचं कसं ठरवायचं?

मृण्मयी_के:
आमच्याकडे सगळं विजेवरच आहे, गॅस नाहीच. प्रत्येक खोलीत भिंतीवरचा पॅनल हीटर आणि बाथरूमला टाकीवाला गीझर. लेक शिकायला बाहेर गेल्यापासून त्याची खोली रिकामी आहे, तिथे आता एक मुलगी राहायला येतेय, नोकरी करणारी आहे, बोलून छान वाटली. किचन, हॉल, बाथरूम कॉमन. मीटर अख्ख्या घराला एकच. मी सकाळी जाते ती संध्याकाळीच येते, त्यामुळे दिवसभर हीटिंग बंद असतं. पण ती आठवड्यातले दोन-तीन दिवस घरून काम करणार, म्हणजे दिवसाही हीटर चालणार. भाड्यात वीज धरून एकच आकडा सांगू का, बिल अर्धं अर्धं करू, का तिच्या खोलीचं वेगळं मोजू? नुकसान मला परवडणार नाही हे खरं, पण तिच्या दाराखालून उजेड दिसला की हीटर चालू असेल का हा विचार माझ्या डोक्यात यायला नको, आणि तिनेही घाबरत घाबरत बटण दाबायला नको. कोणी असं ठरवलंय का? काय चाललं, काय नाही ते सांगा प्लीज.

सुहास_डी:
मृण्मयीताई, आधी गेल्या वर्षभराची बिलं काढा आणि रुपये-पैसे सोडून फक्त युनिट बघा. हीटर अजिबात लागत नाही त्या महिन्यांची सरासरी काढायची आणि थंडीच्या महिन्यांतून वजा करायची, उरतं ते साधारण तुमचं हीटिंग (गीझर थंडीत जास्त खातो तेही त्यात आलं). हे हातात नसताना भाड्याचा आकडा सांगू नका.

मग तिच्या खोलीच्या हीटरवर किती वॅट लिहिलंय ते बघा. १००० वॅट एक तास म्हणजे १ युनिट. समजा १५०० वॅटचा आहे आणि दिवसाला ८ तास लावला तर १२ युनिट होतात, पण थर्मोस्टॅट असेल तर खोली तापल्यावर तो आपोआप बंद-चालू होत राहतो, त्यामुळे १२ ही वरची मर्यादा झाली. अर्धा वेळच चालला असं धरलं तर ६ युनिट, महिन्याला १८०. खोलीत फटींतून गार वारा येत असेल तर याहून जास्त.

अर्धं अर्धं मात्र करू नका. हॉल तुम्ही ती नसतानाही तापवतच होता, त्याचा अर्धा भार तिच्यावर का? आणि उलट तिच्या दिवसाच्या हीटरचा अर्धा तुमच्यावर का? दोघींनाही आपण जास्त भरतोय असंच वाटत राहणार.

वैदेही_९:
मी या प्रकारात दुसऱ्या बाजूला राहिलेय म्हणून लिहिते. पेइंग गेस्ट असताना माझ्या खोलीला वेगळा मीटर होता आणि प्रत्येक युनिटचे पैसे माझे. वाटतं की हे सगळ्यात न्यायाचं, पण झालं असं की पगार कमी होता म्हणून मी हीटर लावायचेच नाही, स्वेटरवर स्वेटर घालून बसायचे, कपडे खोलीतच वाळत घालायचे, खिडकी उघडली तर होती ती ऊब जाईल म्हणून तीही बंद. थंडी संपेपर्यंत कपाटामागच्या भिंतीला काळी बुरशी धरली होती, मला खोकला लागला तो वेगळाच आणि मालकीणबाईंना ती भिंत खरवडून रंगवून घ्यावी लागली. गार भिंतीवर ओल धरते हे तेव्हा आम्हाला दोघींनाही कोणी सांगितलं नव्हतं.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं, खोली निदान १८ अंशांवर राहील एवढी वीज भाड्यातच धरा. जागतिक आरोग्य संघटनेने थंड प्रदेशातल्या घरांसाठी हाच आकडा सांगितलाय. तेवढ्याचे पैसे आधीच दिलेत हे माहीत असलं की माणूस हीटर लावतो, भिंतही कोरडी राहते. वर्षाचा अंदाज काढून बाराने भागा आणि भाड्यात टाकून द्या, रोजची कटकट नको.

सुहास_डी:
वैदेही, भाड्यात धरायला हवं हे पटलं, पण बाराने भागण्यात एक गोची आहे. थंडीच्या तोंडावर आलेली मुलगी थंडी सरल्यावर गेली तर हीटिंग सगळं वापरून झालं आणि पैसे चार-पाचच महिन्यांचे आले. याउलट कोणी फक्त उन्हाळाभर राहिली तर न वापरलेल्या हीटरचे पैसे भरून गेली. वर्षभर राहणार याची खात्री असेल तरच बाराने भागा. नाहीतर थंडीच्या महिन्यांना वेगळा आकडा, बाकीच्यांना वेगळा, आणि तो पहिल्याच दिवशी सांगायचा.

अभय_वायरमन:
माझं रोजचं कामच हे आहे. भिंतीवरच्या हीटरला बहुतेक वेळा प्लग नसतो, थेट वायरिंग असतं, त्यामुळे प्लगमध्ये लावायचं छोटं मीटर तिथे चालत नाही. त्या खोलीची लाईन वेगळी असेल तर लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनकडून बोर्डात सबमीटर (फक्त त्या खोलीचे युनिट मोजणारं छोटं मीटर) बसवून घ्या, फार मोठं काम नाही. लाईन दुसऱ्या खोलीबरोबर एकत्र असेल तर आधी ती वेगळी करावी लागेल. आणि तिच्याकडून युनिटला तुम्ही भरता त्याहून जास्त दर लावू नका, बऱ्याच ठिकाणी नियमात बसत नाही आणि तसंही बरं दिसत नाही. स्लॅब असतील तर त्या महिन्याचा सरासरी दर धरा, शेवटच्या महागड्या स्लॅबचा सगळा बोजा तिच्यावर नको. मीटरचा स्थिर आकार तर ती नसतानाही तुम्ही भरतच होता, तो तुमचा.

आता हीटरचं. दुकानात कोणी सांगेल की हा कमी वीज खातो आणि जास्त ऊब देतो. कॉइलवाला, तेलवाला, पॅनल, ब्लोअर, सगळे घेतलेल्या १ युनिटची १ युनिटच उष्णता देतात. तेलवाला बंद केल्यावर हळूहळू गार होतो, ब्लोअर खोली पटकन गरम करतो, फरक एवढाच. १ युनिटमध्ये ३ युनिटच्या आसपास उष्णता मिळते ती हीट पंपाने, म्हणजे हीटिंगची सोय असलेल्या इन्व्हर्टर एसीने, कारण तो उष्णता तयार न करता बाहेरच्या हवेतून ओढून आत आणतो (बाहेर फारच थंडी असेल तर हे प्रमाण घसरतं). खोली कायम भाड्याने द्यायची असेल तर त्याचा विचार करा, एका थंडीसाठी खर्च निघणार नाही.

थर्मोस्टॅटचा हिशोबही सांगतो. उष्णता बाहेर जाते ती आतल्या-बाहेरच्या तापमानातल्या फरकाच्या प्रमाणात. बाहेर ५ आणि आत २० म्हणजे फरक १५ चा. आत १९ केलं की १४ चा, म्हणजे एका अंशाने साधारण पंधरावा हिस्सा वाचला. २४ वर ठेवायची सवय असेल तर १९ चा फरक भरताय. शिवाय बटण २८ वर नेल्याने खोली लवकर तापत नाही, तेवढ्याच वेगाने तापते आणि मग पुढे तापतच राहते, हे तिला नीट समजावून सांगा कारण निम्म्या लोकांना माहीत नसतं.

मृण्मयी_के:
किती छान सांगितलंत सगळ्यांनी. अभयदादा, गीझरचं काय? तो तर कॉमन, तिचा-माझा वेगळा कसा मोजणार? आणि आमच्याकडे रात्रीचा दर कमी आहे, त्याचा काही उपयोग?

अभय_वायरमन:
गीझर मोजत बसू नका, भाड्यात धरा, पण किती धरायचा ते कळायला हवं. ५० लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला साधारण दीड युनिट लागतो. म्हणजे रोज शॉवरखाली ५० लिटर वापरलं तर महिन्याला एका माणसाचे ४५ युनिट, टाकीतून वाया जाणारी ऊब वेगळी. कमी पाण्याचा शॉवर बसवला तर इथे लगेच फरक दिसतो. रात्रीचा दर आहे तर गीझरला टायमर लावून पाणी पहाटेच तापवून ठेवा, टाकीला जाड आवरण असेल तर सकाळी दोघींना पुरतं. फक्त बिल वाचवायला टाकीचं तापमान ६० च्या खाली आणू नका, कोमट साठवलेल्या पाण्यात लेजिओनेला नावाचा जिवाणू वाढतो. पॅनल हीटरला मात्र रात्रीच्या दराचा उपयोग नाही, तो उष्णता साठवत नाही. आत विटा असलेले वेगळे हीटर असतात, ते रात्री तापून दिवसभर ऊब सोडतात.

वैदेही_९:
आणि एक, ती घरून काम करेल तेव्हा हॉलमध्ये न बसता स्वतःच्या खोलीत दार लावून बसली तर एकच खोली तापवावी लागेल. त्यासाठी तिथे टेबल-खुर्ची चांगली द्या, नुसता पलंग असेल तर ती हॉलमध्येच येणार आणि हॉल मोठा. दाराखालची फट बंद करा, पडदे जाड लावा पण हीटरवर येऊ देऊ नका. रात्रीसाठी इलेक्ट्रिक ब्लँकेट द्या, साधारण १०० वॅटच्या आसपास असतं, १५०० च्या हीटरपुढे काहीच नाही. कपडे वाळवायला वेगळी जागा नक्की द्या!

मृण्मयी_के:
बरं, मग असं ठरवतेय. गीझर, लाईट, किचन, हॉल सगळं भाड्यात. तिच्या खोलीला सबमीटर. थंडीच्या महिन्यांत १८० युनिट भाड्यात धरलेले, पण दिवसाही चालणार आहे म्हणून २२० करते, त्यावर गेलं तर वरच्या युनिटचे पैसे मी भरते त्या दराने. खूप गारठा पडला आणि दोघींचंही वाढलं तर तेव्हा बसून बोलू. हे कागदावर लिहून देते. काही राहिलंय का?

सुहास_डी:
ती येईल त्या दिवशी सबमीटरचा फोटो दोघींच्या फोनमध्ये काढून ठेवा, आणि दर महिन्याला ठरावीक तारखेला तिच्या समोरच रीडिंग घ्या. २२० च्या बरंच खाली राहिलं तर खोली खरंच गरम असते ना ते विचारा, कमी बिल बघून खूश होऊ नका. वैदेहीने लिहिलंय ते तेव्हाच लक्षात येईल.

अभय_वायरमन:
बरोबर. खोलीत एक साधा थर्मामीटर ठेवा, आर्द्रता दाखवणारा मिळाला तर उत्तम, सारखी ६० टक्क्यांच्या वर राहायला लागली की रोज थोडा वेळ खिडकी पूर्ण उघडायची आणि परत बंद. आणि जास्तीचा हीटर ती स्वतः घेऊन आली तर एक्स्टेंशन बोर्डवर लावू देऊ नका, २००० वॅटला २३० व्होल्टवर जवळपास ९ अँपिअर ओढतो, स्वस्तातले बोर्ड तिथेच वितळतात. थेट भिंतीच्या सॉकेटला लावायचा.