पिनोकिओच्या नाटकात काय ठेवू, काय गाळू?

शाईचीदौत:
मुलांसाठी पिनोकिओ या लाकडी बाहुल्याच्या गोष्टीवर तासाभराचं नाटक लिहिते आहे. डिस्नेचा १९४० चा चित्रपट तोंडपाठ आहे. आता कार्लो कोलोदीचं मूळ पुस्तक हाती घेतलं, तर चौथ्याच प्रकरणात पिनोकिओ बोलक्या रातकिड्याला लाकडी हातोडा फेकून मारतो आणि पंधराव्यात वेषांतर केलेले कोल्हा नि मांजर पिनोकिओलाच ओकच्या झाडाला फासावर लटकवतात! आमच्या गटात दोन तट पडलेत. अर्धे म्हणतात हे सगळं काढा, अर्धे म्हणतात मग पिनोकिओ करायचाच कशाला. कोणती रूपांतरं पाहू?

जुनीपानं:
फाशीचं नंतर बघू. आधी तुमच्या संहितेत भूक आहे का ते तपासा. माझ्या मते या गोष्टीचं रूपांतर तिथेच फसतं किंवा साधतं.

पिनोकिओला लाकडातून कोरणारा त्याचा बाप जेपेट्टो, त्याच्या खोलीत चूल पेटलेली दिसते, वर भांडं उकळतंय, वाफ निघतेय. हे सगळं भिंतीवर रंगवलेलं आहे. पोटात आग पडलेला पिनोकिओ झाकण उचलायला धावतो आणि हाताला भिंत लागते. मग केरात एक अंडं सापडतं. तो ते हातात फिरवतो, त्याचे मुके घेतो, कसं शिजवू याचे बेत करतो. फोडतो तर आतून पिल्लू निघतं, आभार मानतं आणि खिडकीतून भुर्र उडून जातं. दुसऱ्या सकाळी जेपेट्टो स्वतःच्या न्याहारीची नासपतीची तीन फळं त्याला देतो. हा म्हणतो, सोलून द्या. बाप मुकाट सोलतो, पण साली आणि गाभे फेकत नाही, टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवून देतो. तिन्ही फळं संपतात, पोरगं अजून भुकेलंच. मग साली जातात. मग गाभेही. हा प्रसंग मी कितीही वेळा वाचला तरी घशाशी आवंढा येतो.

डिस्नेचा चित्रपट देखणा आहे, पण तिथे घर उबदार, भिंतीभर घड्याळं, पाळलेलं मांजर, काचेच्या भांड्यात मासा. गरिबी गेली की खोटं बोलणं एवढाच दोष उरतो आणि खोटं बोललं की वाढणारं नाक म्हणजेच गोष्ट होऊन बसते. पुस्तकात नाक पहिल्यांदा वाढतं ते जेपेट्टो ते कोरत असताना, तेव्हा पिनोकिओ एक शब्दही खोटं बोललेला नसतो!

आणि पुढचं सगळं या भुकेवरच उभं आहे. भर थंडीत बापाने अंगातला कोट विकून मुळाक्षरांचं पुस्तक आणलंय. ते पुस्तक याने कठपुतळ्यांच्या खेळासाठी विकलंय. पुढे हाती आलेल्या पाच सोन्याच्या नाण्यांतून त्याला बापासाठी नवा कोट घ्यायचाय. हे माहीत असलं की कोल्ह्या-मांजराच्या थापांना भुलून, पैशांचं झाड उगवेल म्हणून नाणी जमिनीत पेरायला निघालेला पिनोकिओ मूर्ख वाटत नाही.

लुइजी कोमेंचिनीची १९७२ ची टीव्ही मालिका आणि मात्तेओ गार्रोनेचा २०१९ चा चित्रपट बघा. दोन्हींत हे दारिद्र्य शाबूत आहे.

पारिजात:
थोडा वेगळा सूर लावते. गिएर्मो देल तोरोचा २०२२ चा स्टॉप-मोशन चित्रपट मूळ कथानकापासून लांब गेलाय. मुसोलिनीच्या काळातली इटली, मुलगा गमावलेला जेपेट्टो. पण मुलांनी निमूट ऐकलंच पाहिजे का, हा प्रश्न तिथे जसा भिडतो तसा दुसरीकडे कुठे नाही. आणि अलेक्सेई टॉलस्टॉयचा १९३६ चा बुरातिनो, म्हणजे पिनोकिओचाच रशियन अवतार, विसरू नका. तो शेवटपर्यंत लाकडीच राहतो, त्याला स्वतःचं नाट्यगृह मिळतं. मुलांना हा शेवट जास्त आवडेल असं मला वाटतं.

जुनीपानं:
देल तोरोबद्दल मान्य, तो फार मोठा चित्रपट आहे. बुरातिनोच्या शेवटाशी मात्र माझं जमत नाही. कोलोदीचा पिनोकिओ माणूस होण्याआधी आजारी बापाला पेलाभर दूध मिळावं म्हणून रहाट ओढून घाम गाळतो. म्हणजे उपाशी पोर आता दुसऱ्याचं पोट भरतंय. ते काढलं तर पहिल्या अंकातल्या सालींना काही अर्थ उरत नाही.

शाईचीदौत:
रंगवलेली चूल मागच्या पडद्यावर घेतेच, फळांचा प्रसंगही पूर्ण ठेवते. पण रातकिडा आणि फाशी?

जुनीपानं:
रातकिडा बिनधास्त मरू दे. आधी त्याचं भूत येतं, मग पिनोकिओला तपासायला आलेल्या तीन वैद्यांत कावळा आणि घुबडाबरोबर तो बसलेला असतो. मुलांना त्याला परत बघून केवढा आनंद होईल! फाशी झाली की मध्यंतर घ्या. १८८१ मध्ये साप्ताहिकात गोष्ट क्रमशः येत होती तेव्हा कोलोदीने ती याच जागी संपवली होती. वाचकांनी मागणी लावून धरली म्हणून १८८२ मध्ये पुढे सुरू झाली. दुसऱ्या अंकाची सुरुवात निळ्या केसांच्या परीपासून करा. ती ससाण्याला पाठवते, तो चोचीने दोर तोडतो. ससाणा प्रेक्षकांमधून आणता आला तर बघा.