[प्रश्नमंजूषा] ‘पेठ’ फेरी, प्रश्न ४: उत्तर एकच कसे ठरवायचे?

प्रेषक: प्रश्नसंच, कार्यक्रम समिती

सर्वांना सप्रेम नमस्कार.

प्रश्नपत्रिका गुरुवारी संध्याकाळी छपाईला द्यायच्या आहेत आणि ‘पेठ’ फेरीतला चौथा प्रश्न अजून अडलेला आहे. प्रत्येक प्रश्नात किंवा त्याच्या उत्तरात ‘पेठ’ हा शब्द आलाच पाहिजे, हे पुण्याच्या काकांचे सूत्र ठरलेलेच आहे. चौथा प्रश्न सध्या असा आहे: ‘वारांच्या नावांच्या पेठा कोणत्या शहरात आहेत?’ अपेक्षित उत्तर पुणे. दिवाळीच्या कार्यक्रमात एका प्रश्नाला दोन बरोबर उत्तरे निघाल्यावर काय झाले, ते सर्वांना आठवत असेल, म्हणून या वेळी आधीच विचारते आहे. कोणाची हरकत असल्यास कृपया बुधवारपर्यंत कळवावी.

प्रेषक: पुण्याचे काका

स. न. वि. वि.

प्रश्न आहे तसाच ठेवावा. पुण्यात कसबा पेठ सर्वांत जुनी, तिथला गणपती हे ग्रामदैवत, आणि तिच्याभोवती पुढे एकेक पेठ वसत गेली. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० रोजी घातला गेला आणि पुणे हे कारभाराचे ठिकाण झाल्यावर सावकार, कारागीर आणि व्यापारी येऊन वस्ती वाढली. शुक्रवार पेठ जिवाजीपंत खासगीवाले यांनी वसवली. माझे बालपण तिथेच, मंडईपासून हाकेच्या अंतरावर गेले. वडील निळ्या आंतरदेशीय पत्रावर पाठवणाऱ्याचा पत्ता लिहिताना ‘शुक्रवार पेठ, पुणे २’ एवढेच लिहीत, आणि त्या पत्त्यावर आलेले प्रत्येक पत्र आम्हाला मिळाले. ज्या शहराची ओळखच पेठांनी होते, त्याचे नाव उत्तरात असावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रेषक: साताऱ्याची ताई

काका, आपल्या अभ्यासाबद्दल मला आदर आहे, परंतु या प्रश्नाला माझी हरकत आहे आणि ती मनापासून आहे. माझे माहेर साताऱ्याच्या मंगळवार पेठेतले. साताऱ्यात शनिवार पेठ आहे, गुरुवार पेठ आहे, आणि ज्या सदाशिव पेठेचे व भवानी पेठेचे नाव घेतले की सर्वांना पुणेच आठवते, त्याही नावांच्या पेठा आमच्याकडे आहेत. यादोगोपाळ पेठ आणि प्रतापगंज पेठ तर वेगळ्याच. सातारा ही शाहू महाराजांची राजधानी होती, पेशवे त्यांचे प्रधान होते, हे लक्षात घ्यावे. शेजारी कराडलाही सोमवार पेठ, शनिवार पेठ आहेत. माझ्या वडिलांनी कधी नुसते ‘सदाशिव पेठ’ लिहिले नाही. पुढे ‘सातारा शहर’ हे दोन शब्द लिहून ते त्याखाली रेघ ओढत. एखाद्या गटाने ‘सातारा’ लिहिले, तर त्याचे गुण कोणत्या आधारावर कापणार?

प्रेषक: सोलापूरकर

सोलापुरातही मंगळवार, बुधवार आणि शुक्रवार पेठ आहेत. साखर पेठही आहे. ताईंशी पूर्ण सहमत.

प्रेषक: नागपूरचे भाऊजी

मुळात वाराच्या नावापुढे ‘पेठ’ हा शब्द असलाच पाहिजे, ही अट मला पटत नाही. गोंड राजा बख्त बुलंद शहाने १७०२ साली वसवलेल्या आमच्या नागपुरात इतवारी आहे, मंगळवारी आहे, बुधवारी आहे. त्या त्या वारी भरणाऱ्या बाजारावरून वस्त्यांना ही नावे पडली आणि पुढे ‘पेठ’ लावण्याची गरज कोणाला वाटली नाही. ज्याला आज गांधीसागर म्हणतात, तो शुक्रवारी तलाव आणि त्याचेच दुसरे नाव जुम्मा तलाव. म्हणजे एकच वार दोन भाषांत एकाच पाण्याला मिळाला आहे. दरवर्षीच्या प्रश्नांत विदर्भाला जागा मिळत नाही, हे मी मागेही लिहिले होते. या वेळी निदान एक प्रश्न नागपूरचा घ्यावा.

प्रेषक: पुण्याचे काका

भाऊजी, तलावाचा प्रश्न उत्तम आहे आणि तो अवश्य घ्यावा, पण ‘पेठ’ फेरीत तो बसत नाही, कारण त्यात तो शब्दच नाही. शिवाय पुण्याची गोष्ट थोडी निराळी आहे. पुण्यातल्या कित्येक पेठांना वारांची नावे मिळण्यापूर्वी दुसरी नावे होती. शनिवार पेठ म्हणजे मुर्तजाबाद, रविवार पेठ म्हणजे मलकापूर, शुक्रवार पेठ म्हणजे विसापूर, आणि गुरुवार पेठेला वेताळाच्या देवळावरून वेताळ पेठ म्हणत. बुधवार पेठ औरंगजेबाने १७०३ साली मुहियाबाद या नावाने वसवली. गंज पेठ तर आपल्या पिढीच्या डोळ्यांदेखत महात्मा फुले पेठ झाली. जोतीराव आणि सावित्रीबाईंचा वाडा तिथेच आहे.

प्रेषक: बेंगळुरूच्या काकू

सर्वांना नमस्कार. लग्न होऊन बेंगळुरूला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सासूबाईंनी बळेपेटेला नेले. कन्नडमध्ये ‘बळे’ म्हणजे बांगडी आणि ‘अक्की’ म्हणजे तांदूळ, म्हणून बळेपेटे आणि अक्कीपेटे. पेठेत काय मिळते ते तिच्या नावातच सांगितलेले असते. केंपेगौडाने १५३७ साली हे शहर वसवले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत होते, त्यामुळे या पेटा मला कधी परक्या वाटल्या नाहीत. हाच शब्द चेन्नईच्या सैदापेटमध्ये आणि हैदराबादच्या बेगमपेठेत आहे. वाराचे नाव असलेले अख्खे गावच हवे असेल, तर कोडगू जिल्ह्यात सोमवारपेट आहे.

एक दुरुस्तीही सुचवते. सातव्या प्रश्नात ‘कोणत्या पेठेच्या नावाने साडी ओळखली जाते’ असे विचारून उत्तरात ‘नारायण पेठ, पुणे’ लिहिले आहे. ते चूक आहे. पुण्याची नारायण पेठ नारायणराव पेशव्यांच्या नावाची. साडी मात्र तेलंगणातल्या नारायणपेठ गावची. माझ्याकडे आईची एक आहे: कुंकवाच्या रंगाची, अंगभर बारीक चौकडा, आणि काठावर देवळाच्या शिखरांसारखी टोके एकापुढे एक विणलेली. ती मी हॉलवर घेऊन येईन.

प्रेषक: साताऱ्याची ताई

काकांच्या दुसऱ्या पत्रातच मार्ग आहे, असे मला वाटते. चौथा प्रश्न असा करावा: ‘मुर्तजाबाद, मलकापूर, मुहियाबाद आणि विसापूर ही कोणत्या शहरातील पेठांची जुनी नावे आहेत?’ चारही नावे एकत्रच द्यावीत. त्यांतले कोणतेही वगळू नये. एकटे ‘मलकापूर’ विचारले, तर कराडच्या लोकांना शेजारचे मलकापूर आठवेल. एकट्या विसापूरवरून लोहगडाशेजारचा किल्ला आठवेल. चारही जुळतात ते फक्त पुण्याला, आणि तिथे मी सातारकर असूनही आनंदाने ‘पुणे’ लिहीन.

प्रेषक: पुण्याचे काका

ताईंची शब्दरचना माझ्यापेक्षा चांगली आहे. मला मान्य आहे. सोपा प्रश्न कठीण झाला असल्यामुळे त्याला एकाऐवजी दोन गुण ठेवावेत.

प्रेषक: प्रश्नसंच, कार्यक्रम समिती

सर्वांचे मनःपूर्वक आभार. चौथा प्रश्न ताईंच्या शब्दांत, दोन गुणांसाठी घेत आहोत. जुना प्रश्न रद्द न करता तो ‘वाराच्या नावाची पेठ असलेली पुण्याबाहेरची तीन गावे सांगा’ असा बदलून सहाव्या क्रमांकावर टाकला आहे. सातारा, कराड, सोलापूर, तसेच कोल्हापूर आणि बेळगाव ही उत्तरे ग्राह्य धरली जातील, आणि सोमवारपेटही. शुक्रवारी तलावाचा प्रश्न ‘पाणवठे’ फेरीत पहिल्या क्रमांकावर घेतला आहे, भाऊजी. सातव्याचे उत्तर दुरुस्त केले असून काकूंची साडी प्रश्न वाचताना समोरच्या टेबलावर उलगडून ठेवली जाईल. त्या टेबलावर चहाचे कप ठेवू नयेत, ही सर्वांना विनंती. ताई, छपाईपूर्वीचे शेवटचे वाचन उद्या रात्री आपण कराल का?