मदत हवी आहे : तेरचे संग्रहालय आणि बार्शी लाइट रेल्वेच्या खुणा

नमस्कार मंडळी,

दिवाळीच्या सुट्टीत आईवडिलांना घेऊन लातूरहून तेरला, रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय पाहायला जाण्याचा विचार आहे. सातवाहनकाळी तगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या गावातील हस्तिदंती आणि भाजक्या मातीच्या मूर्ती वडिलांना निवांत पाहायच्या आहेत. मागे एका लहान संग्रहालयाच्या दाराला कुलूप पाहून आम्हाला परतावे लागले होते; म्हणून तेथील सध्याची वेळ आणि साप्ताहिक सुट्टीचा वार कोणी कळवावा.

दुसरी विनंती मला अधिक जिव्हाळ्याची आहे. कुर्डुवाडीहून बार्शीपर्यंत १८९७ मध्ये सुरू झालेली आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचलेली बार्शी लाइट रेल्वे अवघ्या अडीच फुटी रुळांवर धावत असे. आजोबांच्या ट्रंकेत त्या गाडीचे जाड पुठ्ठ्याचे तिकीट सापडले. कडेला चिमट्याची खाच असून अक्षरे पुसट झाली आहेत. त्या गाडीचे इंजिन, डबा, कंदील किंवा जुनी छायाचित्रे आमच्या भागात कोठे जतन केलेली आहेत काय? एखाद्या स्थानकाच्या कोपऱ्यात ठेवलेली वस्तू असली, तरी वाट वाकडी करून जाण्याची आमची तयारी आहे.